कोलोसियमची रांग गिळणाऱ्या दलालास

तिकिटांच्या दलाला,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी इथे पाळणार नाही. तुझं नाव मला ठाऊक नाही आणि पत्ताही नाही. तुझं दुकान एका रात्रीत पाटी बदलतं, त्यामुळे बंद पाकीट पाठवण्याची सोयच नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत, उघड लिहिते आहे. तुझ्यापर्यंत पोचलं तर बरंच आहे. तुझ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं तर जास्त बरं.

माझा आरोप सरळ आहे. रोमच्या कोलोसियमचं साधं तिकीट १८ युरोचं आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने अठराशे रुपयांच्या घरात. त्याच तिकिटात शेजारचा रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही पाहता येते. विक्री खुली झाली रे झाली की तू बॉट सोडून ही तिकिटं उचलतोस, त्यांना ‘फास्ट ट्रॅक’, ‘गाइड’, ‘होस्ट’ अशी शेपटं जोडतोस आणि तिप्पट-चौपट दराने विकायला मांडतोस. अधिकृत संकेतस्थळ उघडणाऱ्या साध्या माणसाला मात्र एकेक तारीख राखाडी झालेली दिसते. त्याला वाटतं, आपल्यालाच उशीर झाला. त्याला उशीर झालेला नसतो. त्याच्या पुढे तू खोट्या नावांची पलटण घेऊन घुसलेला असतोस.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. तिकिटांवर मर्यादा आहे, वेळ ठरवून दिलेली आहे, महिनाभर आधी नोंदणी करावी लागते, याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. कोलोसियमच्या आत एका वेळी साधारण ३,००० माणसंच सोडतात, आणि ते योग्यच आहे. ती इमारत जवळजवळ साडेएकोणीसशे वर्षांची आहे. सम्राट व्हेस्पासियनने ती बांधायला घेतली आणि त्याच्या मुलाने, टायटसने, इ.स. ८० मध्ये तिचं उद्घाटन केलं. भूकंपांनी तिची एक बाजू पाडली, नंतरच्या शतकांत लोकांनी तिचे दगड उपसून दुसरीकडे वापरले, आणि तरीही ती उभी आहे. २०२३ या एका वर्षात कोलोसियम आणि त्याच्या भोवतालच्या पुरातत्त्व उद्यानाला एक कोटी वीस लाखांहून जास्त लोकांनी भेट दिली. एवढ्या पावलांना आवर घातला नाही तर दगड टिकणार नाहीत, आणि जो आत जाईल त्यालाही माणसांच्या पाठींपलीकडे काही दिसणार नाही.

मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठात लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ आहे. तिथे लोकांना छोट्या छोट्या गटांनी आणि फक्त १५ मिनिटांसाठी आत घेतात. लिओनार्दोने ते चित्र कोरड्या गिलाव्यावर काढलं, त्यामुळे त्याच्या हयातीतच त्याचे पापुद्रे सुटू लागले होते. गेल्या शतकात ते सावरायला वीसहून अधिक वर्षं लागली. आपल्या अजिंठ्यातही चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात. श्वासांच्या दमटपणाने रंग जातात, हे तिथे उभ्या असलेल्या रखवालदारालाही माहीत असतं. ही बंधनं प्रेमापोटी घातलेली आहेत. पुढच्या पिढीलाही हे पाहता यावं म्हणून आजच्या पिढीने थोडं थांबायचं, एवढाच त्यांचा अर्थ.

तू नेमका त्या प्रेमावर डल्ला मारतोस. दगड वाचवायला घातलेल्या मर्यादेचा तू टंचाई म्हणून व्यापार करतोस. त्या दगडाचं तुला काय पडलंय? कोलोसियमऐवजी उद्या कांद्याची टंचाई झाली तर तू कांद्याची वखार उघडशील.

कोलोसियमच्या तळमजल्याला ८० कमानी होत्या. त्यांतल्या ७६ सामान्य प्रेक्षकांसाठी होत्या आणि प्रत्येकीवर आकडा कोरलेला होता. बाहेरच्या भिंतीचा जो भाग उरला आहे त्यावर ते रोमन आकडे आजही वाचता येतात. आपली कमान कोणती, आपला जिना कोणता हे बघायचं आणि चढायचं. हजारो माणसं अशी आत जात आणि बाहेर पडत, आणि खेळ पाहायला त्यांना पैसे मोजावे लागत नसत. ते राज्य काही भलं नव्हतं. त्या रिंगणात माणसं मारली जात, गुलामांच्या घामावर सगळा डोलारा उभा होता, आणि आसनंही दर्जानुसार वाटलेली होती: पुढे सिनेटर, सर्वांत वर गरीब आणि बायका. पण त्या निष्ठुर साम्राज्यानेही सर्वांत वरच्या पायरीवरच्या गरिबाची जागा राखून ठेवली होती. लोकशाहीच्या काळात तू ती जागा विकून खातोस. तुझी लायकी ठरवायला मला यापेक्षा मोठं माप लागत नाही.

हे मी रागाच्या भरात बोलते आहे असं म्हणायची सोय तुला नाही, कारण हे सगळं सरकारी कागदावर आलं आहे. इटलीच्या स्पर्धा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये या प्रकाराची चौकशी सुरू केली आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला. कोलोसियमची मूळ दराची तिकिटं दीर्घकाळ लोकांना मिळेनाशी झाली होती, असं त्यात नोंदवलं आहे. तिकीटविक्रीचं काम ज्या संस्थेकडे १९९७ पासून होतं तिला ७० लाख युरोंचा दंड झाला. बॉटच्या घाऊक खरेदीला तिने पुरेसा आळा घातला नाही आणि बरीच तिकिटं स्वतःच्या सशुल्क सहलींसाठी राखून ठेवली, हा तिच्यावरचा ठपका. बॉट किंवा तशीच स्वयंचलित साधनं वापरून तिकिटं उचलल्याबद्दल सहा सहल कंपन्यांनाही दंड झाला. एकूण रक्कम दोन कोटी युरोंच्या आसपास गेली. निकालातली भाषा कोरडी आहे, कारण कायद्याची भाषा तशीच असते. मी तीच गोष्ट मराठीत सांगते: कुंपणाने शेत खाल्लं आणि बाहेरच्या गुरांनाही आत घेतलं.

त्या कंपन्यांना निदान नाव होतं, पत्ता होता, म्हणून त्या सापडल्या. तुझ्यासारखे अजून मोकळे आहेत. अधिकृत वाटेल असं नाव घेऊन, तोच रंग, तोच फोटो लावून तुम्ही दुकान थाटता आणि पैसे भरून शोधयादीत सर्वांत वर बसता. घाईतला माणूस पहिल्याच ओळीवर बोट ठेवतो. तो तुमच्या जाळ्यात पडतो आणि आपण कोलोसियमलाच पैसे भरले, असं शेवटपर्यंत समजत राहतो.

आता तुझी खरी गिऱ्हाइकं कोण ते सांगते, कारण तू त्यांची तोंडं कधी पाहिलेली नाहीस.

रोममध्ये राहणारा माणूस तुझ्याकडे येत नाही. बड्या सहल कंपनीच्या बसमधून येणाऱ्याची सोय त्याची कंपनी करते. तुझ्या हाती सापडतो तो दुरून, स्वतःच्या हिमतीवर, पैसे साठवून येणारा माणूस. त्यात आपली मराठी माणसंही आहेत. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला लागते, आईवडिलांना बोलावते, आणि ते दोघं आयुष्यात पहिल्यांदा पारपत्र काढतात. मग शेंगेन व्हिसाचं चक्र सुरू होतं. अर्ज सहा महिने आधी करता येतो हे खरं, पण व्हिसा केंद्रावर वेळ मिळायला हवी, बँकेची पत्रकं, विमा, विमानाची आणि मुक्कामाची नोंदणी, सगळं जुळून यायला हवं. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात आणि प्रकरण अडलं तर ४५ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. प्रौढ माणसाला ९० युरो शुल्क, आणि नकार आला तर तेही गेले.

कोलोसियमची तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात. त्या दिवशी यांचं पारपत्र व्हिसासाठी दिलेलं असतं. होकार येईल की नकार, माहीत नाही. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ते थांबतात. विचारी माणूस थांबणारच. व्हिसा हातात पडतो तेव्हा पंधरा-वीस दिवस उरलेले असतात, आणि तोवर तू ताट चाटूनपुसून साफ केलेलं असतं. ज्याला नियमानेच थांबायला लावलं आहे, त्याच्याच थांबण्यावर तुझा धंदा चालतो.

माझ्या मावशीने कराडजवळच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. रोमन साम्राज्याचा धडा शिकवताना ती फळ्यावर कोलोसियमच्या कमानी काढायची. निवृत्तीनंतर म्युनिकच्या मुलाने तिला बोलावलं, तेव्हा तिने एकच मागणं केलं: ती कमान हाताने चाचपून बघायची आहे. व्हिसा उशिरा आला आणि अधिकृत विक्रीत एकही जागा उरली नव्हती. मुलाने तुझ्यासारख्याच एकाकडून चौपट पैसे मोजून सकाळची वेळ घेतली. आदल्या रात्री फोनवर संदेश आला की वेळ बदलली आहे, आता संध्याकाळी या. संध्याकाळी त्यांची फ्लॉरेन्सची गाडी होती. पैसे परत मागितले तर अटींचं एक लांबलचक पान पुढे केलं गेलं. मावशीने कोलोसियम रस्त्यावरून पाहिलं, जाळीच्या बाहेरून. तिने तक्रार केली नाही. तिच्या पिढीला तक्रारीची सवय नाही. तिच्या वतीने मी करते आहे.

तुझ्या बाजूने तू काय बोलशील, तेही मला पाठ आहे.

तू म्हणशील, मी सोय विकतो, लोकांचा त्रास वाचवतो. तो त्रास दिला कुणी? तिकिटं तू उचलली नसतीस तर त्या माणसाने पाच मिनिटांत, घरबसल्या, मूळ दराने ती घेतली असती. आधी पाण्याचा नळ बंद करायचा आणि मग बादलीने पाणी विकायचं, याला गावात सोय म्हणत नाहीत. चपलेने मारतात.

तू म्हणशील, मी रांग चुकवून देतो. खोटं. कोलोसियमच्या दारात सुरक्षा तपासणी प्रत्येकाला करावी लागते. ती कुणालाही चुकत नाही. अधिकृत तिकिटावरही वेळ छापलेली असते, आणि त्या वेळेला दाराशी गेलं की आत सोडतात. म्हणजे जे १८ युरोंत मिळतं, तेच तू विशेष कृपा म्हणून साठ-सत्तर युरोंना विकतोस.

तू म्हणशील, हा बाजार आहे, मागणी तसा भाव. बाजारात शेतकरी माल पिकवतो, कारागीर वस्तू घडवतो, व्यापारी ती वाहून आणतो, साठवतो, जोखीम घेतो. तू काय पिकवलंस? कोलोसियमची एक वीट तू बसवली नाहीस, एक पायरी झाडली नाहीस. तुझ्या वरच्या पन्नास युरोंतला एक सेंटसुद्धा त्या इमारतीच्या डागडुजीला जात नाही. इटलीच्या करदात्याने आणि मूळ दराने तिकीट काढणाऱ्याने ती इमारत जपली, आणि तू त्यांच्या जपण्यावर बांडगुळासारखा वाढलास.

आणि गाइडच्या आडोशाला उभा राहू नकोस. परवाना घेतलेला, अभ्यास केलेला, तापल्या उन्हात दोन तास उभं राहून दगडाला बोलतं करणारा गाइड हा वेगळा माणूस आहे. त्याच्या मेहनतीचे पैसे आनंदाने द्यावेत आणि जास्त द्यावेत. तू त्याचंही नुकसान करतोस. तिकिटं तुझ्या कोठारात गेल्यावर त्याला स्वतःच्या गटासाठी ती मूळ दराने मिळत नाहीत, आणि मग तो तुझ्याच दाराशी रोजावर उभा राहतो.

हे सगळं अटळ आहे, असंही मला सांगू नकोस. तुला रोखता येतं. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची विक्री खुली होते, ती सगळ्यांसाठी एकाच वेळी. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रात तिकिटावर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो, आणि नासरिद राजवाड्यांत ठरलेल्या वेळेलाच सोडतात. कोलोसियमनेही १८ ऑक्टोबर २०२३ पासून तिकिटावर नाव छापायला सुरुवात केली. दाराशी ओळखपत्र दाखवावं लागतं. खोट्या नावाने उचललेलं तिकीट तिथे अडतं. एवढ्याने तू संपला नाहीस हे मला दिसतं, पण तू अडखळलास हेही दिसतं.

आमच्याकडेही तुझे भाऊबंद आहेत. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांवर ते वर्षानुवर्षं असाच हात मारत आले. गावी जाणाऱ्या माणसाने सकाळी दहाच्या ठोक्याला फोन हातात धरायचा आणि दहा वाजून दोन मिनिटांनी प्रतीक्षायादी बघायची, हे इथल्या घराघरात माहीत आहे. शेवटी १ जुलै २०२५ पासून तत्काळसाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली आणि विक्रीच्या पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना मज्जाव झाला. म्हणजे मनात आणलं तर यंत्रणेला दार नीट लावता येतं. म्हणून या पत्राचा एक भाग त्या दारावर बसलेल्यांसाठीही आहे. बॉट ओळखा, एका हाताला किती तिकिटं याची मर्यादा पाळा, गटांसाठीचा राखीव वाटा जाहीर करा, आणि रद्द झालेली तिकिटं पुन्हा खुल्या विक्रीत आणा. ज्यांना व्हिसासाठी थांबावं लागतं अशा दूरच्या प्रवाशांसाठी काही जागा शेवटच्या आठवड्यात सोडा. वारसा सगळ्या जगाचा असं तुम्ही फलकावर लिहिता. मग तिकीटखिडकीवरही ते दिसू दे.

आता तुझ्यादेखत तुझ्या गिऱ्हाइकांशी बोलते. ऐक, कारण यात तुझ्या धंद्याचं नुकसान आहे.

मंडळी, रोमला जाणार असाल तर प्रवासाचा आराखडा कोलोसियमच्या तारखेभोवती बांधा. व्हिसाचा अर्ज जितका आधी करता येईल तितका आधी करा, म्हणजे तिकिटं खुली होतील तेव्हा पारपत्र तुमच्या हातात असेल. ३० दिवस आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. शोधयादीतल्या जाहिरातीच्या ओळींवर बोट ठेवू नका. पुरातत्त्व उद्यानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीटविक्रीच्या पानावर जा. पारपत्रावर आहे तसंच नाव भरा. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मग ती कुठल्याही देशाची असोत; त्यांची फक्त नोंदणी करा. मुलांच्या तिकिटाचे पैसे कुणी मागितले तर समोर कोण बसलंय ते तिथेच ओळखा. तिकीट नाहीच मिळालं तर रोज सकाळी अधिकृत पान पुन्हा बघा, रोममध्ये पोचल्यावर तिकीटखिडकीवर चौकशी करा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. गर्दी झोंबणारी असते, पण तिथे दलालाला विकायला काही उरत नाही. गाइड हवा असेल तर परवानाधारक गाइड थेट गाठा आणि तिकिटाचे किती, त्याच्या मेहनतीचे किती, हे वेगवेगळं विचारा. प्रामाणिक माणूस दोन्ही आकडे सांगतो.

आणि एवढं करूनही दार नाही उघडलं, तर रोम मोठं आहे. पँथिऑनचं तिकीट ५ युरोचं आहे, त्याच्या घुमटाखाली उभं राहून वर बघा. फोरममधून चालत जा. कोलोसियम न बघता परत आलात म्हणून तुमचा प्रवास फुकट गेला, हा धाक दलालाने तुमच्या मनात घातलेला आहे. त्याचा सगळा डोलारा त्या धाकावर उभा आहे. तो धाक सोडला की त्याच्या कोठारातली तिकिटं कागदाच्या भावाने जातात, आणि वेळ उलटली की तेवढ्यालाही नाही.

दलाला, तुझ्याकडून मला पश्चात्तापाची अपेक्षा नाही. मला हवे आहेत तुझी तिकिटं पकडणारे नियम, तुझी दुकानं बंद करणारे दंड, आणि तुला नाही म्हणणारी माणसं. पहिल्या दोन गोष्टी सरकारांच्या हातात आहेत आणि त्यांनी उशिरा का होईना सुरुवात केली आहे. तिसरी आमच्या हातात आहे. आमच्या घरातून यापुढे जो कुणी रोमला, मिलानला, ग्रानादाला जाईल, त्याला हे पत्र मी निघण्याआधी वाचायला देणार आहे. तुझं एक गिऱ्हाईक कमी झालं, तरी लिहिल्याचं सार्थक झालं. शंभर कमी झाली तर जास्त आनंद होईल.

तुझ्या दुकानाची पायरी न चढणारी,
एक मराठी प्रवासी